बँकांना कुलूप लावणारा हुकूम



आजच्या विषयाला कारण झाला एक फोन. आमच्या युनिटमधले एक सुभेदार निवृत्तीनंतर गावी स्थायिक झाले आहेत. एक दिवस सकाळी त्यांचा फोन आला. "साहेब, बँकेच्या दारावर कागद चिकटवलाय. पैसे काढता येणार नाहीत म्हणे. हा हुकूम कुठल्या कायद्यानं निघाला, किती दिवसांसाठी आहे, आणि माझे पैसे परत कसे मिळणार, एवढंच मला कुणीतरी सांगा." बँकेचं नाव मी घेणार नाही, त्याची इथे गरजही नाही. पण ते तीन प्रश्न माझ्या डोक्यात बसले. ३० वर्षं हुकूम बजावलेला माणूस नेमकं काय विचारायचं ते बरोबर जाणतो.

आज हेच तीन प्रश्न आपण एका राष्ट्राध्यक्षाला विचारणार आहोत. त्यांचं नाव फ्रँकलिन रूझवेल्ट, आणि काळ आहे मार्च १९३३.

आधी परिस्थिती समजून घेऊ. १९२९ च्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदी सुरू झाली. पुढच्या तीन-चार वर्षांत अमेरिकेत सुमारे ९,००० बँका बुडाल्या. ठेवींना विमा नव्हता. बँक गेली की ठेव गेली. त्यामुळे नुसती अफवा उठली तरी लोक बँकेसमोर रांगा लावत. १९३३ च्या फेब्रुवारीत मिशिगन राज्याच्या गव्हर्नरने राज्यातल्या सगळ्या बँका बंद केल्या. मग शेजारच्या राज्यांतही भीती पसरली. एकामागून एक राज्यं बँका बंद करू लागली किंवा पैसे काढण्यावर मर्यादा घालू लागली.

अडचण अशी की त्या वेळी देशाला धड सेनापतीच नव्हता. रूझवेल्ट नोव्हेंबर १९३२ मध्येच निवडून आले होते, पण शपथविधी ४ मार्चला होता. तोवर खुर्चीवर होते पराभूत झालेले हर्बर्ट हूवर. हूवर यांनी रूझवेल्टना पत्र लिहून आपल्या धोरणाला जाहीर पाठिंबा मागितला. तो मिळाला नाही. बँका बंद करण्याचा सल्ला हूवर यांनाही मिळाला होता. पण आपल्याला तो अधिकार आहे का, याची त्यांना शंका होती. सैन्यात आम्ही शिकतो की कमानीची अदलाबदल हा सर्वांत धोक्याचा काळ. जुना अधिकारी हुकूम देत नाही, नवा देऊ शकत नाही, आणि शत्रू मात्र थांबत नाही.

४ मार्चच्या पहाटे न्यूयॉर्क आणि इलिनॉय या राज्यांनीही बँका बंद केल्या. म्हणजे न्यूयॉर्क आणि शिकागो ही पैशाची दोन्ही मोठी केंद्रं थंडावली. त्याच दुपारी रूझवेल्टनी शपथ घेतली. रविवारी मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे ६ मार्चला, त्यांनी घोषणेवर सही केली. देशातली प्रत्येक बँक ९ मार्चपर्यंत बंद आणि सोन्याच्या निर्यातीवर बंदी.

पहिला प्रश्न: कुठल्या कायद्यानं?

उत्तर ऐकून आश्चर्य वाटेल. आधार होता १९१७ च्या, शत्रुराष्ट्राशी व्यापार रोखणाऱ्या कायद्याचा. तो पहिल्या महायुद्धातला कायदा. १९३३ मध्ये युद्ध कुठे होतं? आधार कच्चा होता, आणि रूझवेल्टना ते माहीत होतं. म्हणूनच त्यांनी ९ मार्चला काँग्रेसचं, म्हणजे त्यांच्या संसदेचं, खास अधिवेशन बोलावलं.

सरकारी कचेरीत एक शब्द आहे, 'कार्योत्तर मंजुरी'. आणीबाणीत आधी काम करा, पण मग फाईल वर न्या आणि सही घ्या. रूझवेल्टनी तेच केलं. नव्या बँकिंग कायद्याने राष्ट्राध्यक्षांच्या आधीच्या कृतीला मान्यता दिली आणि १९१७ च्या कायद्यात शांतताकाळातल्या आणीबाणीचीही सोय केली. पण हेही सांगायला हवं की कनिष्ठ सभागृहात चर्चेला जेमतेम ४० मिनिटं मिळाली. सदस्यांच्या हाती छापील प्रतही नव्हती. मसुदा वाचून दाखवला गेला. सिनेटने ७३ विरुद्ध ७ मतांनी तो मंजूर केला आणि त्याच रात्री सही झाली. घाई झाली, पण फाईल वर गेली. शिवाय मसुदा तयार करण्यात हूवर यांच्या अर्थखात्यातले अधिकारीही नव्या लोकांबरोबर बसले होते. निवडणुकीचं वैर त्यांनी दाराबाहेर ठेवलं.

दुसरा प्रश्न: किती दिवस?

९ मार्चनंतर मुदत वाढली, पण थोडीच. १३ मार्चला फेडरल रिझर्व्हच्या १२ शहरांतल्या सुदृढ बँका उघडल्या, नंतरच्या दोन दिवसांत बाकीच्या शहरांतल्या आणि गावांतल्या. ज्या तपासणीत उतरल्या नाहीत, त्या उघडल्या नाहीत, आणि अशा बँका हजारो होत्या. तिथल्या ठेवीदारांनी सोसलं, हे विसरू नये.

तिसरा प्रश्न: माझ्या पैशांचं काय?

याचं उत्तर रूझवेल्टनी स्वतः दिलं. १२ मार्चच्या रविवारी रात्री ते रेडिओवर बोलले. बँक तुमचा पैसा तिजोरीत नुसता ठेवत नाही, तो कर्जाऊ देते. सगळे एकदम मागायला आले तर चांगली बँकही देऊ शकत नाही. आता तपासून उघडलेल्या बँकेत पैसा गादीखालच्यापेक्षा सुरक्षित आहे, असं त्यांनी सोप्या भाषेत समजावलं. आमच्या भाषेत हे ब्रीफिंग. सोमवारी बँका उघडल्या तेव्हा लोक पुन्हा रांगेत होते, पण या वेळी पैसे भरायला. १५ मार्चला शेअर बाजार उघडला आणि एका दिवसात १५ टक्क्यांहून जास्त वर गेला.

इथे थांबलो तर ही वीरगाथा होईल. पण पुढचं पान वाचायलाच हवं.

५ एप्रिलला त्याच अधिकारातून दुसरा हुकूम निघाला. १०० डॉलरपर्यंतची नाणी आणि काही अपवाद सोडून लोकांनी आपली सोन्याची नाणी आणि लगडी १ मेपर्यंत जमा कराव्यात. भाव औंसाला २०.६७ डॉलर. न दिल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा १० वर्षांपर्यंत कैद. लोकांनी सोनं दिलं. जानेवारी १९३४ च्या शेवटी सरकारने भाव ३५ डॉलर केला. वाढलेला फायदा सरकारी खजिन्यात गेला, देणाऱ्याच्या हाती नाही. आणि किती दिवस? अमेरिकन नागरिकाला मोकळेपणाने सोनं बाळगता आलं ३१ डिसेंबर १९७४ पासून. म्हणजे ४१ वर्षांनी. मार्चच्या हुकमाला शेवट होता, एप्रिलच्या हुकमाला तो नव्हता.

तिसरा टप्पा न्यायालयात अडला. जून १९३३ च्या राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान कायद्याने राष्ट्राध्यक्षांना उद्योगांच्या नियमावल्या ठरवण्याचे अधिकार दिले. ब्रुकलिनच्या शेक्टर नावाच्या कोंबडी-व्यापारी भावांनी तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २७ मे १९३५ ला न्यायालयाने एकमताने त्या नियमावल्यांचा आधारच रद्द केला. कायदे करण्याचं काम काँग्रेसने असं सरसकट दुसऱ्याच्या हाती देऊ नये, हे त्यातलं एक मुख्य कारण होतं.

ही गोष्ट आपल्या घरापर्यंत येते. ऑक्टोबर १९४९ मध्ये आपल्या संविधान सभेत आर्थिक आणीबाणीची तरतूद मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच अमेरिकन कायद्याचा दाखला दिला. तिकडे तो न्यायालयात टिकला नाही, तशी वेळ आपल्या राष्ट्रपतींवर येऊ नये, म्हणून ती तरतूद संविधानातच घालावी, असा त्यांचा मुद्दा होता. तेच आज अनुच्छेद ३६०. पण त्याला लगामही आहे. संसदेच्या दोन्ही सभागृहांनी दोन महिन्यांत मंजुरी दिली नाही, तर घोषणा संपते. तीच ती कार्योत्तर मंजुरी. १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटातही हे अनुच्छेद वापरलं गेलं नाही. आजवर कधीच नाही.

मी हुकूम देत आणि पाळत आयुष्य काढलं, त्यामुळे खंबीर हुकमाचं मला वावडं नाही. संकटात निर्णय न घेणारा अधिकारी माणसं मारतो. पण हुकूम देणाऱ्याला आधार, मुदत आणि कारण विचारणं ही बेशिस्त नाही. मार्चमध्ये रूझवेल्टनी तिन्हींची उत्तरं दिली आणि लोकांनी पैसा स्वतःच्या पायांनी परत आणला. एप्रिलमध्ये कैदेची धमकी द्यावी लागली.

सुभेदारसाहेबांना मी हे सगळं फोनवर सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे साहेब, माझे प्रश्न बरोबर होते."

शंभर टक्के बरोबर होते, साहेब.

भेटूया पुढच्या भागात. जय हिंद.