हुजूर पक्षाची नेतेनिवड, १९७५

ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या, म्हणजे काँझर्व्हेटिव्ह पक्षाच्या, खासदारांनी १९७४ मधील दोन सार्वत्रिक निवडणुका हरल्यानंतर गुप्त मतदानाने केलेली नेत्याची निवड. ४ व ११ फेब्रुवारी १९७५ रोजी झालेल्या दोन फेऱ्यांअंती एडवर्ड हीथ यांच्या जागी मार्गारेट थॅचर नेतेपदी आल्या. विद्यमान नेत्याला पक्षाच्याच खासदारांनी मतपेटीतून पायउतार केल्याचा या पक्षातील हा पहिला प्रसंग.

पार्श्वभूमी : हीथ १९६५ पासून नेते आणि १९७० पासून पंतप्रधान होते. खाणकामगारांशी झालेल्या संघर्षात कोळसा व वीज यांची टंचाई होऊन जानेवारी १९७४ पासून उद्योगांवर तीन दिवसांच्या आठवड्याचे बंधन आले. या पेचातून कौल मागण्यासाठी त्यांनी २८ फेब्रुवारीला निवडणूक घेतली. हुजूर पक्षाला मजूर पक्षापेक्षा मते किंचित जास्त, जागा मात्र कमी मिळाल्या : २९७ विरुद्ध ३०१. लिबरल पक्षाशी बोलणी फिसकटल्यावर हीथ यांनी ४ मार्चला राजीनामा दिला. १० ऑक्टोबरच्या दुसऱ्या निवडणुकीत मजूर पक्षाला ३ जागांचे निसटते बहुमत मिळाले. हीथ यांच्या नेतृत्वाखाली लढवलेल्या चार निवडणुकांपैकी तीन पक्षाने गमावल्या होत्या. तरीही त्यांनी पद सोडले नाही.

नियम : या निवडीचे खरे मर्म नियमांत आहे. १९६५ पूर्वी पक्षात नेत्यासाठी मतदानच होत नसे. ज्येष्ठांच्या सल्लामसलतीतून एखादे नाव पुढे येई. १९६३ मध्ये हॅरल्ड मॅकमिलन आजारपणामुळे पायउतार झाले, तेव्हा याच मार्गाने लॉर्ड होम यांचे नाव ठरले. त्यावर पक्षाचेच नेते इयन मॅक्लाउड यांनी जानेवारी १९६४ मध्ये ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकातून जाहीर टीका केली आणि मूठभरांनी नेता ठरवण्याची ही पद्धत पुढे टिकू शकली नाही. अ‍ॅलेक डग्लस-होम (पदवी सोडल्यानंतरचे लॉर्ड होम) यांच्याच कारकिर्दीत फेब्रुवारी १९६५ मध्ये लेखी नियम झाले. जुलै १९६५ मध्ये त्यानुसार पहिले मतदान झाले : हीथ १५०, रेजिनल्ड मॉडलिंग १३३, इनॉक पॉवेल १५. नियमाप्रमाणे पहिल्याच फेरीत विजयी ठरण्यासाठी बहुमताखेरीज दुसऱ्या क्रमांकावर झालेल्या मतदानाच्या १५ टक्क्यांची आघाडी लागे. हीथ यांची आघाडी १७ मतांची, म्हणजे अपुरी होती; परंतु मॉडलिंग यांनी माघार घेतल्याने दुसरी फेरी झाली नाही.

या नियमांत एक मोठी उणीव होती. पद रिकामे झाल्यावर ते कसे भरावे हे त्यांत होते. पदावरच्या नेत्याला आव्हान कसे द्यावे याची तरतूद नव्हती. ऑक्टोबर १९७४ च्या पराभवानंतर साध्या खासदारांची संघटना असलेल्या ‘१९२२ ची समिती’ने, तिचे अध्यक्ष एडवर्ड द्यु कान यांच्या पुढाकाराने, याच मुद्द्यावर जोर धरला. हीथ यांना नियमांची फेरतपासणी मान्य करावी लागली आणि ते काम डग्लस-होम यांच्याच समितीकडे गेले. डिसेंबरमध्ये आलेल्या शिफारशींत दोन बदल निर्णायक होते. एक, नेतेपदाची निवडणूक दरवर्षी घेता येईल. दोन, १५ टक्क्यांची आघाडी झालेल्या मतांवर नव्हे, तर मतदानास पात्र असलेल्या एकूण खासदारांवर मोजली जाईल. म्हणजे मत न देणारा खासदारही अप्रत्यक्षपणे आघाडीवरच्या उमेदवाराच्या विरोधात जाईल. पहिल्या फेरीत निकाल न लागल्यास दुसरीत नवे उमेदवार उतरू शकत आणि तेथे पात्र संख्येचे साधे बहुमत पुरे होई. तिसऱ्या फेरीसाठी पसंतीक्रमाची तरतूद होती. मतदारसंघांतील शाखांचे मत खासदारांनी जाणून घ्यावे असेही ठरले. ते बंधनकारक नव्हते.

मराठी वाचकांना परिचित असलेले जवळचे उदाहरण म्हणजे काँग्रेस संसदीय पक्षाने १९ जानेवारी १९६६ रोजी इंदिरा गांधी (३५५) व मोरारजी देसाई (१६९) यांच्यात केलेली निवड. तेथे लालबहादुर शास्त्री यांच्या निधनाने पद रिकामे झाले होते. १९७५ च्या ब्रिटनमध्ये नेता स्वतःच उमेदवार होता.

उमेदवार : हीथविरोधकांचे पहिले नाव सर कीथ जोसेफ यांचे होते. १९ ऑक्टोबर १९७४ च्या एजबॅस्टन येथील भाषणात गरीब मातांच्या अपत्यांविषयी त्यांनी केलेल्या विधानांवरून गदारोळ झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते बाजूला झाले. तेव्हा त्यांच्या निकटच्या सहकारी थॅचर यांनी स्वतः उभे राहण्याचे ठरवले. द्यु कान यांनीही जानेवारीत नकार दिल्यावर एअरी नीव्ह यांनी थॅचर यांच्या प्रचाराची सूत्रे हाती घेतली. थॅचर माजी शिक्षणमंत्री होत्या, पण पक्षाच्या पहिल्या फळीत त्यांची गणना होत नसे. जानेवारीत अर्थविधेयकावरील चर्चेत मजूर अर्थमंत्री डेनिस हीली यांना त्यांनी दिलेल्या उत्तरांनी मागच्या बाकांवरील खासदारांत त्यांचे वजन वाढले. तिसरे उमेदवार ह्यू फ्रेझर.

मतदान : पात्र खासदार २७६. पहिली फेरी, ४ फेब्रुवारी : थॅचर १३०, हीथ ११९, फ्रेझर १६, ११ जणांचे मत कोणालाच नाही. बहुमतासाठी १३९ मते हवी होती, त्यामुळे कोणीही निवडून आले नाही. परंतु हीथ यांनी त्याच दिवशी राजीनामा दिला. थॅचर यांना मिळणारा पाठिंबा नीव्ह मुद्दाम कमी सांगत आणि त्यामुळे केवळ दुसरी फेरी व्हावी अशा हेतूने काही खासदारांनी त्यांना मत दिले, असे सांगितले जाते. अशी मते किती, याबाबत अभ्यासकांत एकमत नाही.

दुसरी फेरी, ११ फेब्रुवारी : थॅचर १४६, विल्यम व्हाइटलॉ ७९, जेफ्री हौ १९, जेम्स प्रायर १९, जॉन पेटन ११. पक्षाध्यक्ष व्हाइटलॉ हीथ यांच्यावरील निष्ठेमुळे पहिल्या फेरीत उतरले नव्हते. चौघे एकदम रिंगणात आल्याने विरोधी मते फुटली व थॅचर यांचा मार्ग मोकळा झाला, हे वारंवार मांडले जाणारे स्पष्टीकरण आकड्यांवर टिकत नाही. चौघांची बेरीज १२८ होते. ती सर्व मते एकाच्या पदरात पडली असती तरी तो १८ मतांनी मागे राहिला असता. व्हाइटलॉ यांना उशीर भोवला असे म्हणता येईल, पण मतविभागणी भोवली असे म्हणता येणार नाही.

विचारसरणी : हीथ यांचे आर्थिक धोरण आणि जोसेफ व थॅचर यांनी १९७४ मध्ये स्थापन केलेल्या ‘सेंटर फॉर पॉलिसी स्टडीज’चा बाजारवादी विचार यांतील भेद महत्त्वाचा असला, तरी मतदानात तो किती निर्णायक ठरला हे विवाद्य आहे.

स्त्री नेतृत्व : ब्रिटनमधील मोठ्या पक्षाच्या नेतेपदी आलेली ही पहिली स्त्री.

परिणाम : थॅचर यांनी व्हाइटलॉ यांना उपनेते केले. हीथ त्यांच्या छाया मंत्रिमंडळात आले नाहीत. मार्च १९७९ मध्ये नीव्ह संसदेच्या आवारात मोटारीतील बाँबस्फोटात मारले गेले. त्याच वर्षी मे महिन्यात थॅचर पंतप्रधान झाल्या. वार्षिक निवडणुकीच्या तरतुदीचा उपयोग पुढे त्यांच्याविरुद्धही झाला. २० नोव्हेंबर १९९० रोजी त्यांना २०४ व मायकेल हेझल्टाइन यांना १५२ मते मिळाली. ३७२ पात्र खासदारांच्या १५ टक्के म्हणजे ५६ मतांची आघाडी हवी होती. ती ४ मतांनी हुकली आणि दोन दिवसांनी त्यांनी माघार जाहीर केली.

१९९७ च्या पराभवानंतर नेते झालेल्या विल्यम हेग यांच्या काळात, १९९८ मध्ये, पद्धत मुळातून बदलली : खासदारांनी दोन उमेदवार उरवायचे आणि अंतिम निवड पक्षसदस्यांनी करायची. जुलै २०२४ मध्ये पक्षाला अवघ्या १२१ जागा मिळाल्यावर याच पद्धतीने केमी बेडनॉक यांनी रॉबर्ट जेनरिक यांना ५३,८०६ विरुद्ध ४१,३८८ मतांनी हरवले. १९७५ मध्ये मतदारसंघांतील शाखांचा कल मोठ्या प्रमाणात हीथ यांच्या बाजूने नोंदला गेला होता. मात्र १९९८ चे नियम तेव्हा लागू असते, तरी निकाल हीथ यांच्या बाजूने लागला असता असे म्हणता येत नाही; कारण त्या नियमांनुसार खासदारांच्या विश्वासमतात हरलेल्या नेत्याला पुढच्या निवडीत उमेदवार होता येत नाही.