दारू की आबाळ? लिव्हरचा गुन्हेगार शोधताना झालेली चूक

"नीट जेवून प्यायलं तर दारू बाधत नाही." हे वाक्य तुम्हीही लग्नाच्या पंगतीत कधीतरी ऐकलं असेल. गंमत म्हणजे 1940-50 च्या दशकात बऱ्याच वैद्यकीय तज्ज्ञांचंही जवळपास असंच मत होतं. दारुड्याचं लिव्हर बिघडतं ते खाण्याची आबाळ झाल्यामुळे, दारूमुळे नाही!

या मताला प्रयोगाचा आधारही होता. इन्सुलिनच्या शोधामुळे प्रसिद्ध झालेले टोरांटोचे चार्ल्स बेस्ट आणि सहकारी यांनी 1949 मध्ये उंदरांवरचा प्रयोग छापला. एका गटाला अल्कोहोल, दुसऱ्याला तेवढ्याच कॅलरींची साखर. दोन्ही गटांत लिव्हर बिघडलं आणि आहारात कोलीन वाढवल्यावर वाचलं. निष्कर्ष निघाला, की अल्कोहोल लिव्हरला साखरेपेक्षा जास्त विषारी नाही.

आता जरा थांबा. कंट्रोल ग्रुप आहे, कॅलरी सारख्या आहेत. मग चुकलं कुठे?

डोसमध्ये. उंदरांना अल्कोहोलची चव आवडत नाही. ते पाण्यात मिसळलं की उंदीर पितातच कमी, आणि रक्तातली पातळी फारशी चढत नाही.

न्यूयॉर्कच्या चार्ल्स लीबर आणि लिओनोर डीकार्ली यांनी 1960 च्या दशकात यावर साधा उपाय काढला. सगळं अन्नच पातळ करायचं आणि अल्कोहोल त्यातच मिसळायचं. भूक लागली की उंदीर ते घेणारच. साधारण 36 टक्के कॅलरी अल्कोहोलच्या. कंट्रोलच्या उंदराला त्याऐवजी कर्बोदकं, तीही जोडीदाराने जेवढं खाल्लं तेवढ्याच मापाची. पोषण सारखं ठेवूनही अल्कोहोलच्या गटात लिव्हरमध्ये चरबी साचली. 1968 मध्ये चांगला आहार घेणाऱ्या स्वयंसेवकांतही तेच दिसलं, आणि 1974 मध्ये काही बबून माकडांत सिरोसिसपर्यंत मजल गेली.

वाद इथेच संपला नाही. इतर प्रयोगशाळांत माकडांमध्ये सिरोसिस तसा सहज दिसला नाही. कुपोषणाने नुकसान वाढतं, हेही खरंच आहे. पण चांगलं जेवण ही ढाल नाही, हे मात्र पक्कं झालं.

म्हणून सिनॉप्सिस लिहिताना "कंट्रोल काय?" एवढंच विचारून सोडू नका. "जे तपासतोय ते शरीरात खरंच पोहोचलं का?" हेही विचारा. बेस्ट यांच्यासारख्यांच्या हातूनही हा प्रश्न निसटला, आणि पंगतीतलं ते वाक्य आजही लोकांच्या तोंडी आहे.