कातडीच्या कारखान्यातले ऑइल सील

नाशिक रोडच्या गॅरेजमध्ये ट्रकच्या इंजिनाची पुढची पुली उतरते आणि क्रँकशाफ्टभोवतीचे रबरी कडे दिसते. या ऑइल सीलचा पूर्वज चामड्याचा होता. १९२९ च्या मंदीत चामड्याचा धंदा बसला, तेव्हा जर्मनीतील वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या कातडी कमावणाऱ्या कारखान्याने वाहनांसाठी चामडी सील घडवायला घेतले. वॉल्टर सिमर यांच्या नावाने पुढे ‘सिमररिंग’ आले. १९३६ मध्ये कृत्रिम रबर. १९५४ मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझच्या साहाय्याने जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले, तोवर रबर रुळले होते.

नवल असे की, मऊ रबर पोलादालाही खाते! अडकलेल्या धुळीमुळे सीलच्या ओठाखाली शाफ्टवर बारीक खाच पडते. नवे सील त्याच खाचेवर बसले तर गळती चालूच राहते, तेल आटते, बेअरिंग जळते. म्हणून जाणता मिस्त्री आधी शाफ्टवर नख फिरवतो. खाच लागली तर सील किंचित पुढे-मागे, पण सरळ ठोकतो.