तेरावा मजला गेला कुठे?

अनेक प्रवासी जहाजांच्या लिफ्टमध्ये १२ नंतर एकदम १४ चे बटण असते. येशूच्या अखेरच्या भोजनाला तेरा जण होते, म्हणून तेरा अशुभ, ही त्याची नेहमीची उपपत्ती. आकडा गाळला तरी मजला तेरावाच राहतो, ते सोडा. इटालियन कुटुंबाच्या मालकीच्या एमएससी कंपनीच्या कित्येक जहाजांवर मात्र १३ आहे, १७ नाही! इटलीत धास्ती सतराची. रोमन लिपीतील १७ ची चार चिन्हे उलटसुलट मांडली की लॅटिन 'विक्सी' हा शब्द बनतो : 'मी जगलो', म्हणजेच आता संपलो. हेच १७ आपण देवनागरीत लिहिले की अशुभ कुठे जाते, हे आम्ही मुलांनाच विचारू.

१३ जानेवारी २०१२, शुक्रवार. 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' हे इटालियन जहाज जिल्यो बेटाजवळ खडकाला घासले आणि ३२ माणसे दगावली. तारखेवर बोट ठेवणे सोपे. पण इटलीत तेरा तारखेच्या शुक्रवारला कुणी भीत नाही, आणि या जहाजाच्या डेकना तर युरोपीय देशांची नावे होती. कप्तानाने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले. खडकाने सुमारे ५० मीटर लांब पत्रा फाडला. जहाज सोडण्याचा हुकूम तासाभराहून उशिरा आला. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची बचावाची कवायतही झाली नव्हती, कारण नियमानुसार त्यासाठी २४ तासांची मुभा होती. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते.