बौद्धिक दिव्यांग मुलामुलींचे वयात येणे : घरच्यांसाठी माहिती

बुद्धीची वाढ संथ असली तरी शरीर बहुधा वेळेवरच वाढते. मुलींमध्ये ८ ते १३ आणि मुलांमध्ये ९ ते १४ या वयात बदल सुरू होतात. बौद्धिक दिव्यांग मुलांचेही साधारण तसेच असते. त्याआधीच बदल दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. "तिला काय कळतंय?" म्हणून घरात विषय टाळला जातो आणि एके दिवशी मुलगी रक्त पाहून घाबरते. म्हणून तयारी निदान सहा महिने आधी सुरू करावी, असे आम्ही सुचवतो.

पहिली गोष्ट शब्दांची. आपल्याकडे 'कावळा शिवला', 'बाहेरची झाली' असे म्हणतात. शब्दशः अर्थ घेणारी मुलगी खिडकीत कावळा शोधत बसेल! आई, आजी, शाळेतल्या बाई, सगळ्यांनी 'पाळी' हा एकच शब्द वापरावा. अवयवांनाही खरी नावे द्यावीत. कुणी नको तिथे हात लावला तर तिला सांगता आले पाहिजे.

पॅड लावणे हे एक काम नाही, आठ-दहा छोटी कामे आहेत : पाकीट उघडणे, कागद काढणे, चिकटवणे, वापरलेले गुंडाळणे, डब्यात टाकणे, हात धुणे. एकेक काम वेगळे शिकवावे. चड्डीवर पॅडच्या आकाराची रेघ मारली की जागा चुकत नाही. पॅडवर लाल शाईचे थेंब टाकून 'आता बदलायचे' हे दाखवता येते. पाळी नसतानाही थोडा वेळ पॅड लावून सवय करावी. पायऱ्यांची चित्रे मोरीत लावावीत. दर महिन्याची तारीख कॅलेंडरवर लिहावी, कारण पोट दुखते हे ती सांगू शकत नाही. चिडते, जेवण टाकते. फिट येणाऱ्या काही मुलींना या दिवसांत फिट वाढतात, तेव्हा ही नोंद डॉक्टरांच्या उपयोगी पडते. वेगळे बसवण्याची रीत या मुलीसाठी तरी सोडावी. तिला ती शिक्षाच वाटते.

मुलांबाबत घरात अधिकच गप्प बसतात. झोपेत वीर्य जाणे, लिंगाला हात लावणे हे आजार नाहीत. मारू नये, "हे चारचौघांत नाही, दार लावून" एवढेच प्रत्येक वेळी शांतपणे सांगावे. बुऱ्हाणपूरच्या जुन्या घरांत प्रत्येकाला खोली कुठली? मग न्हाणीघर किंवा पडद्यामागची जागा ठरवून द्यावी. पाहुण्यांना मिठी मारण्याऐवजी नमस्काराची सवय लहानपणीच लावावी, आणि पाहुण्यांनीही बारा वर्षांच्या मुलाला मांडीवर घेऊ नये.

आता अवघड विषय. काही नातेवाईक "गर्भाशयच काढून टाका" असा सल्ला देतात. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातील मतिमंद मुलींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात अशा शस्त्रक्रिया झाल्या. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, हे कारण दिले गेले. महिला संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या कलम १० नुसार व्यक्तीच्या स्वतःच्या, समजून दिलेल्या संमतीशिवाय वंध्यत्व आणणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. आईची दमछाक आम्ही कमी लेखत नाही. पण रक्तस्राव फार असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गोळ्या, इंजेक्शन असे उपाय आहेत. शिवाय गर्भाशय काढल्याने अत्याचार टळत नाही, फक्त त्याचा एक पुरावा टळतो. अत्याचाराची शंका आली तर १०९८ वर फोन करावा. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी माहिती कळवणे बंधनकारक आहे.

मूल १८ चे झाले की कायद्याने प्रौढ होते आणि आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. बँकेत आम्ही हे नेहमी पाहिले. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती पालकत्वाचे प्रमाणपत्र देते, आणि बँका ते मानतात. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड सतराव्या वर्षीच तयार ठेवावे.