प्याँगयांगच्या यार्डातून सुटणारी गाडी

हातमोजे काढू नका, आधीच सांगून ठेवतो. उघड्या हाताने बादलीची कडी धरलीत तर कातडी लोखंडाला चिकटेल.

डिसेंबर 1950, कोरियन युद्ध. तुम्ही प्याँगयांगच्या रेल्वे यार्डात उभे आहात. होते नव्हते ते सगळे कपडे अंगावर चढवलेत, तरी थंडी बुटाच्या तळव्यातून पोटऱ्यांपर्यंत पोचलीय. आजूबाजूची माणसं आपलीच आहेत: भारताच्या 60 पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सची. छत्रीधारी सैनिकांचा फिरता दवाखाना म्हणा. शहर सोडायचा हुकूम आलाय, पण सामान न्यायला गाड्या नाहीत. सामान नष्ट करा, माणसं हलवा, असं वरून सांगितलंय. आपले कमांडर, लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज काही ऐकेनात. औषधं जाळल्यावर डॉक्टरांनी करायचं काय? शोधाशोध करून एक बेवारस इंजिन आणि काही डबे मिळालेत. इंजिनात पाण्याचा थेंब नाही.

म्हणून ही बादल्यांची रांग. डावीकडून भरलेली घ्या, उजवीकडे द्या. दर वेळी थोडं पाणी हिंदकळतं आणि बघता बघता तुमची बाही पापडासारखी कडक होते. खांदे भरून येतात. श्वासाची वाफ मफलरवर गोठून नाकाला टोचते. जळत्या कोठारांचा धूर घशात बसलाय. "चलो, चलो, जल्दी!" भट्टीत लाकूड, कोळसा, हाती लागेल ते. इंजिनाची थोडीफार माहिती असलेले काही जण तुकडीतच निघाले, हे नशीब.

अखेर वाफ धरते. डब्यात खोक्यांवर अंग टाका. खाली तेडाँग नदी, काठावर बोचकी घेतलेली, पाठीला पोरं बांधलेली माणसंच माणसं. गाडी पार झाल्यावर थोड्याच वेळात पूल उडवला जातो.

सुटलो म्हणता? कामाला तर आत्ता कुठे सुरुवात होतेय. तंबूत स्टोव्हशेजारी बसून प्लाझ्माच्या बाटल्या शेका. गोठलेला प्लाझ्मा शिरेत जात नाही. स्ट्रेचरवरचा पोरगा ठीक दिसतोय ना? फसू नका. बाहेरच्या गारठ्यात त्याच्या जखमेवर रक्त गोठलंय. तंबूची ऊब लागली की ते वाहू लागेल. पट्टी तयार ठेवा. त्याचा बूट ओढू नका, कात्रीने कापा. मोजाही कापा. बोटं काळी पडलीत. तो ओरडत नाही, कारण हिमदंशाने बोटांतली जाणीवच गेलीय. तो सिगरेट मागतो. द्या.

भारताने या युद्धात लढायला पलटण पाठवली नाही. पाठवला तो हा दवाखाना. त्या दिवशी हुकूम पाळून सामान जाळलं असतं, तर तो आल्या आल्याच निकामी झाला असता. तो कोरियात तीन वर्षांहून जास्त काळ राबला.