चौकशीचे दोन अर्थ

मराठीत ‘चौकशी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: दरडावून मागितलेला जाब आणि आपुलकीने केलेली विचारपूस. दुसऱ्या महायुद्धात जपानी कैद्यांना बोलते केले ते मुख्यतः दुसऱ्या अर्थाने.

मिडवेच्या लढाईत ५ जून १९४२ रोजी ‘हिर्यू’ ही जपानी विमानवाहू नौका बुडाली. तिच्या इंजिनघरातील ३५ जण होडीतून भरकटत असताना १९ जूनला अमेरिकी जहाजाला सापडले. नौकेच्या अखेरच्या तासांची हकीकत त्यांच्या जबान्यांतून अमेरिकेला कळली.

कैद होणे ही नामुष्की, असे जपानी सैनिकांच्या मनावर बिंबवलेले असे. त्यामुळे पकडले गेल्यास काय लपवावे, हे त्यांना फारसे शिकवलेलेच नसे. छळ होणार म्हणून धास्तावलेल्यांना मिळाले औषधपाणी, आणि जीभ सैल झाली.

पूर्वी जपानमध्ये मिशनरी असलेले शेरवुड मोरन अमेरिकी मरीन दलात दुभाषे होते. १९४३ च्या टिपणात त्यांचा सल्ला होता: कैद्याला आधी माणूस माना, त्याच्या जखमेविषयी विचारा, लष्करी प्रश्न नंतर.

अर्थात एकाची जबानी म्हणजे पुरावा नव्हे. इतरांच्या जबान्यांशी, हाती लागलेल्या कागदपत्रांशी ती ताडून पाहावी लागते, प्रयोगशाळेतल्या निरीक्षणासारखीच. धाकाने मिळालेले उत्तर मात्र बहुधा विचारणाऱ्याला हवे तेच असते. वर्गातसुद्धा!